मताआधी ध्वज

२७ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी इतिहासाबद्दलच्या एका आदेशावर सही केली. केंद्र सरकारच्या ताब्यातली स्मारकं, पुतळे आणि माहितीफलक यांवर गतकाळातल्या किंवा हयात अमेरिकनांची अवहेलना करणारा मजकूर असू नये, त्याऐवजी अमेरिकी जनतेच्या कर्तृत्वाची थोरवी दिसावी, असं त्यात म्हटलं आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षं होतात, त्या सोहळ्याचे वेध तेव्हाच लागले होते. सोहळा म्हटला की प्रदर्शनं आली आणि प्रदर्शनं म्हटली की छायाचित्रं आली. प्रश्न एवढाच की कोणती?

एका पक्षाचं उत्तर तयार आहे. ध्वज, विजय, चंद्रावरचं पाऊल, गव्हाची अफाट शेतं. गुलामी, उपासमार, छावण्या यांचे फोटो लावणं म्हणजे देशाची लक्तरं वेशीवर टांगणं. दुसरा पक्ष विद्यापीठांत आणि कलासमीक्षेत जास्त भेटतो. त्याच्या मते राष्ट्र आणि लोकशाही यांचा गौरव करणारा प्रत्येक फोटो हा सत्तेचा प्रचार असतो. तो रचलेला असतो, कापलेला असतो, हजारांतून निवडलेला असतो, आणि त्यावर भाळणं हा भाबडेपणा.

हे दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण दोघांच्या मुळाशी समजूत एकच आहे. राष्ट्राचा गौरव आणि राष्ट्राला विचारलेला जाब एका चौकटीत मावत नाहीत, असं दोघेही धरून चालतात. अमेरिकेच्या उत्तमोत्तम छायाचित्रांनी ही समजूत केव्हाच खोटी पाडली आहे.

पडताळा पहिल्या पक्षाच्या लाडक्या फोटोपासूनच घ्यावा. २३ फेब्रुवारी १९४५, इवो जिमा बेटावरचा सुरिबाची डोंगर. असोसिएटेड प्रेसच्या जो रोझेंथल यांनी टिपलेल्या या फोटोत सहा मरीन सैनिक पाइपाला बांधलेला ध्वज उभा करत आहेत. पाइप तिरपा, अंगं पुढे झुकलेली, एकाचाही चेहरा धड दिसत नाही. डावीकडे सर्वांत मागे जो आहे, त्याचे दोन्ही हात वर झेपावलेले आहेत, पण पाइप त्याच्या पकडीतून नुकताच सुटून वर गेला आहे. सहांपैकी तिघे त्याच बेटावरच्या लढाईत मारले गेले. सातव्या युद्धकर्ज मोहिमेचं हे चित्र निशाण झालं आणि त्या मोहिमेत सुमारे २६ अब्ज डॉलर्स गोळा झाले. देशप्रेमाचा याहून मोठा फोटो अमेरिकेकडे नाही.

ते वर गेलेले रिकामे हात इरा हेज यांचे आहेत. ॲरिझोनातल्या गिला नदीकाठच्या राखीव वसाहतीतले हे पिमा आदिवासी. १९२४ च्या कायद्याने सगळे मूळ रहिवासी अमेरिकेचे नागरिक झाले होते. तरीही १९२८ साली ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने वसाहतीत राहणाऱ्यांना सरकारच्या पालकत्वाखालचे ठरवून मतदानाबाहेर ठेवलं. हा निकाल त्याच न्यायालयाने फिरवला तो १९४८ मध्ये. म्हणजे जगभर छापल्या गेलेल्या त्या क्षणी ध्वज उभारणाऱ्या हेज यांना आपल्या गावी मतपेटीपर्यंत जायची मुभा नव्हती. इतकंच नव्हे, तर युद्धकाळात सरकारने त्यांच्याच वसाहतीच्या जमिनीवर, वसाहतीचा विरोध डावलून, जपानी वंशाच्या हजारो अमेरिकनांसाठी छावणी उभारली होती.

आता हा फोटो अवहेलनेचा की थोरवीचा? हेज यांची हकिगत कळल्यावर चित्र काळवंडत नाही, उलट त्याला वजन येतं. देशाने दिलेला शब्द अजून पाळला नव्हता, तेव्हा त्यांनी त्या शब्दाची बाजू घेतली. हकिगत गाळून नुसता पाइप आणि कापड दाखवणारा माणूस हेज यांच्या हिमतीतला निम्मा वाटा चोरतो.

ही परंपरा बरीच मागे जाते. गुलामगिरीत जन्मलेले आणि १८३८ साली तिथून निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रं काढवून घेतलेले अमेरिकन मानले जातात. अभ्यासकांनी त्यांच्या सुमारे १६० छबी मोजल्या आहेत. काळा कोट, ताठ मान, थेट नजर आणि हसू जवळपास कुठेच नाही, कारण आनंदी गुलामाचं जे चित्र दक्षिणेतले मालक रंगवत होते त्याला त्यांना खतपाणी घालायचं नव्हतं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं सांगितलं. डग्लस मात्र नागरिकाच्या पेहरावात कॅमेऱ्यासमोर बसत राहिले. मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० ची, आणि त्यांचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना फोटो साधारण १८४१ चा. राष्ट्राची ओळख त्यांनी आधी अंगावर घेतली, राष्ट्राने त्यांना ओळखलं ते तीस वर्षांनी. छायाचित्रण हे सामान्य माणसाच्या आवाक्यातलं आणि म्हणून लोकशाहीचं साधन आहे, हे यादवी युद्धाच्या काळात व्याख्यानांतून मांडणारेही तेच.

आणि अवहेलनेचाच मुद्दा असेल, तर ‘हार्पर्स वीकली’चा ४ जुलै १८६३ चा अंक पाहावा. ऐन स्वातंत्र्यदिनाच्या तारखेला या साप्ताहिकाने मालकाकडून पळून आलेल्या गुलामाची चाबकाने सोलवटलेली पाठ छापली. बॅटन रूजमध्ये काढलेल्या फोटोवरून केलेलं ते कोरीव चित्र. त्याच पानावर उत्तरेच्या सैन्याच्या गणवेशातल्या कृष्णवर्णीय माणसाचं चित्रही होतं. पाठीवरचे वळ आणि अंगावरचा गणवेश शेजारी छापण्यात त्या संपादकांना काही विसंगत वाटलं नाही. वळांमुळेच त्या गणवेशाला अर्थ होता.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप अधिक बारकाईचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. फोटो रचले जातात. १९३६ साली आर्थर रॉथस्टीन यांनी दक्षिण डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली बैलाची कवटी काही फूट हलवून पुन्हा पुन्हा टिपली, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधकांच्या वृत्तपत्रांनी लबाडी म्हणून काहूर माजवलं. डोरोथिया लँग यांनी स्थलांतरित मजूर आईच्या ‘मायग्रंट मदर’ या आपल्या गाजलेल्या फोटोच्या निगेटिव्हमधून कोपऱ्यातला एक अंगठा पुसून टाकला. ज्या सरकारी खात्यासाठी हे दोघं काम करत होते, त्या, पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालेल्या, खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला सरळ भोक पाडत. विभागाचं कामही उघड होतं, रूझवेल्ट यांच्या शेतीविषयक योजनांना लोकांचा पाठिंबा मिळवणं. प्रचारच तो.

पण रचलेला म्हणजे खोटा, हे गणित १९४२ सालच्या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी ‘रोड टू व्हिक्टरी’ हे प्रदर्शन मांडलं. भिंतीएवढे फोटो आणि कार्ल सँडबर्ग यांचा मजकूर. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यातल्या स्फोटाचं दृश्य, सोबत हसणारे जपानी मुत्सद्दी आणि त्यांच्याजवळ एक कणखर चेहऱ्याचा अमेरिकन शेतकरी. युद्ध त्यांनी ओढवून घेतलंय, आता त्यांना दाखवतोच, अशा अर्थाची भाषा त्याच्या तोंडी दिली होती. मूळ फोटो लँग यांचा, १९३८ चा. तो शेतकरी टेक्सासमधली जमीन सुटून कॅलिफोर्नियात मजुरी करायला आलेला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जपानविषयीचा असणं शक्यच नव्हतं, कारण पर्ल हार्बर घडायला अजून तीन वर्षं होती. त्याला कुणी उभं केलं नव्हतं, हलवलं नव्हतं. फोटो अस्सल होता आणि त्याच्याकडून वदवलेली गोष्ट असत्य होती.

त्याच वर्षी तरुण छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स शिष्यवृत्तीवर स्ट्रायकर यांच्या विभागात दाखल झाले. स्ट्रायकर यांनी त्यांना कॅमेरा कपाटात ठेवून आधी वॉशिंग्टन शहर फिरून यायला सांगितलं. राजधानीतल्या उपाहारगृहात, दुकानात, चित्रपटगृहात काळ्या कातडीच्या पार्क्स यांना दारातूनच परत पाठवलं गेलं. संतापून आलेल्या पार्क्स यांना स्ट्रायकर यांनी कार्यालयाची सफाई करणाऱ्या बाईंशी बोलायला सुचवलं. त्या एला वॉटसन. वर्षाला १,०८० डॉलर्स पगारात त्या नातवंडांसह घर चालवत होत्या. त्यांच्या वडिलांना जमावाने ठेचून मारलं होतं, नवरा गोळीला बळी पडला होता.

पार्क्स यांनी त्यांना कार्यालयातच लटकणाऱ्या राष्ट्रध्वजापुढे उभं केलं. ठिपक्यांचा झगा, बारीक कडांचा चष्मा, हातात उभा झाडू, बाजूला पुसण्याचा मॉप. मागचा ध्वज सैलसर, अस्पष्ट, त्याचे पट्टे उभे आलेले. आयोवाच्या शेतकरी जोडीचं ग्रँट वूड यांचं ‘अमेरिकन गॉथिक’ हे १९३० चं प्रसिद्ध चित्र पार्क्स यांच्या मनात होतं. हातात दाताळं धरलेल्या त्या गोऱ्या शेतकऱ्याच्या जागी त्यांनी वॉटसन यांना उभं केलं. रचना अगदी ठरवून केलेली. पण झाडू त्यांचा रोजचा होता, ध्वज त्या इमारतीचा होता, आणि त्या ध्वजाच्या राजधानीत राहणाऱ्या नागरिकांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क मिळाला तो १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीनंतर, १९६४ च्या निवडणुकीत. फोटो पाहून स्ट्रायकर हबकले. यामुळे आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, असं ते म्हणाल्याचं पार्क्स यांनी पुढे सांगितलं आहे. तरी पार्क्स यांचं काम त्यांनी थांबवलं नाही, आणि पार्क्स यांनी नंतर वॉटसन यांचं घर, शेजार आणि चर्च टिपलं.

न रचलेला शेतकरी खोटं बोलतो आणि रचलेल्या वॉटसन खरं. कसोटी मग रचनेची उरत नाही. फोटो जे म्हणतो ते त्या माणसाच्या आयुष्याशी जुळतं का, एवढंच पाहावं लागतं.

तिसरा ध्वज तर सरकारनेच झाकून ठेवला. एप्रिल १९४२ मध्ये लँग सॅन फ्रान्सिस्कोच्या वाइल पब्लिक स्कूलमध्ये गेल्या. पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या माणसांना हलवण्याची नोंद करायला त्यांना सरकारनेच नेमलं होतं. रांगेत उभी मुलं ध्वजाला निष्ठेची शपथ घेताहेत. एका मुलीचा एक हात छातीवर आहे आणि दुसऱ्या हातात कागदी पिशवी. त्यांतली जपानी वंशाची मुलं अमेरिकेतच जन्मली म्हणून नागरिक होती. जपानहून आलेल्या त्यांच्या आईबापांना मात्र १९५२ चा कायदा येईपर्यंत नागरिकत्व मागायचीही सोय नव्हती. काही आठवड्यांत अशी कुटुंबं छावण्यांत गेली. एकूण सुमारे १,२०,००० माणसं, त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक. लष्कराने लँग यांचे फोटो युद्ध संपेपर्यंत बाहेर येऊ दिले नाहीत.

प्रचार हेच फोटोचं एकमेव काम असतं, तर सरकारला स्वतःच काढवून घेतलेले फोटो दडवावे का लागले असते? आणि दडवलेले फोटो जाळले मात्र गेले नाहीत. राष्ट्रीय अभिलेखागारात ते राहिले, १९७२ मध्ये प्रदर्शनातून लोकांपुढे आले, आणि १९८८ मध्ये काँग्रेसने कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर्स दिले. ती माफी मिळवली ती छावण्या भोगलेल्यांच्या चळवळीने. फोटो त्यांचे साक्षीदार होते. स्ट्रायकर यांच्या विभागाच्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, भोकं पाडलेल्यासुद्धा. कुणीही त्या पाहाव्यात, छापाव्यात. साताऱ्यातल्या शाळकरी मुलालाही त्यासाठी परवानगी लागत नाही की पैसे. आपल्या उणिवांचं दप्तर असं खुलं ठेवणं, हीच या लोकशाहीची मिरवावी अशी गोष्ट आहे. पहिला पक्ष ती लपवू पाहतो, दुसरा तिची किंमतच करत नाही.

जाब विचारायला सरकारी पगार लागतो असंही नाही. १९३७ च्या लुईव्हिलच्या पुरात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’साठी टिपलेली, मदतीच्या रांगेत उभी कृष्णवर्णीय माणसं आणि त्यांच्या डोक्यावरचा, जगातल्या सर्वोच्च राहणीमानाची ग्वाही देणारा उद्योगपतींच्या संघटनेचा फलक पाहावा. पुण्यात १९४६ साली चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा फोटो काढणाऱ्या त्या याच.

एक तक्रार मात्र दुसऱ्या पक्षाच्या पदरात घालावीच लागते. ‘मायग्रंट मदर’मधल्या फ्लोरेन्स थॉम्पसन यांचं नाव १९३६ मध्ये कुणी विचारलं नाही. त्यांचा फोटो छापून आल्यावर सरकारने निपोमोच्या वाटाणेतोडणीच्या तळावर अन्न पाठवलं, तोवर त्या पुढे निघून गेल्या होत्या. जगाला त्या कोण ते १९७८ मध्ये कळलं, आणि आपल्याला यातून एक पैसाही मिळाला नाही हे त्यांनी बोलून दाखवलं. वॉटसन यांचा तो फोटोही संग्रहात नोंदवला गेला तो ‘सरकारी सफाई कामगार’ एवढ्याच ओळीने. याउलट इवो जिमाच्या फोटोतली नावं मरीन कोअरने १९४७ मध्ये दुरुस्त केली, मग २०१६ मध्ये, मग पुन्हा २०१९ मध्ये. चौऱ्याहत्तर वर्षांनीही एका सैनिकाचं नाव चुकता कामा नये, एवढी ही काळजी. ती योग्यच आहे, आणि तीच झाडू घेतलेल्या बाईंच्या वाट्यालाही आली पाहिजे.

अडीचशेव्या वर्षाच्या प्रदर्शनात हे तीन ध्वज एका भिंतीवर लावावेत. सुरिबाचीचा, वॉटसन यांच्या पाठीमागचा आणि वाइल शाळेतल्या मुलांपुढचा. प्रत्येकाखाली माणसांची नावं जितकी ठाऊक आहेत तितकी असावीत, आणि नावाशेजारी एक साल: हेज यांच्यापुढे १९४८, वॉटसन यांच्यापुढे १९६४, शाळेतल्या मुलांच्या आईबापांसाठी १९५२. आदेशाला थोरवी हवी असेल, तर त्या फलकांवर ती भरपूर सापडेल.