खिल्ली कुणाच्या झेंड्याची?

आजची तरुण मुले-मुली मोबाइलवर शब्दांऐवजी चित्रे पाठवतात, ही ज्येष्ठांची तक्रार आता जुनी झाली. ती आम्हाला पुन्हा करायची नाही. हसऱ्या चेहऱ्याने किंवा लाल बदामाने मराठी बुडाली नाही, उर्दूही बुडणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते या चित्रांतल्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल. तो प्रकार म्हणजे देशोदेशीचे झेंडे.

'अभ्यास झाला का?' या प्रश्नाला उत्तर म्हणून बूवे बेटाचा झेंडा येतो. मित्राने व्यायामशाळेतला फोटो टाकला की त्याखाली चाडचा झेंडा लागतो. एखाद्या मुलीच्या फोटोवर जिबूतीचा झेंडा टाकून पोरे खिदळतात. पाठवणाऱ्याचा त्या देशाशी संबंध नसतो आणि नसावा हीच गंमत असते. देश जितका अनोळखी तितका विनोद मोठा, असा हा हिशेब आहे. आमची मुलेही यात मागे नाहीत. मुंब्र्यात, मालेगावात, मिरजेत, रत्नागिरीत, सगळीकडे हाच खेळ चालू आहे.

या खेळातील दोन विनोद आधी उलगडून पाहू. अमेरिकन बोलीत रुबाबदार, छाती काढून चालणाऱ्या गड्याला 'चॅड' म्हणतात. त्या शब्दाचे स्पेलिंग आणि आफ्रिकेतील देशाच्या नावाचे स्पेलिंग एकच, म्हणून त्याचा झेंडा. जिबूतीच्या नावाच्या शेवटी स्त्रीच्या शरीरावरून केलेला एक उथळ इंग्रजी शब्द ऐकू येतो, म्हणून त्याचा. म्हणजे विनोद त्या देशाचा नाहीच. तो इंग्रजी कानाला आलेल्या एका योगायोगाचा आहे. ज्या मुलाच्या घरी दखनी बोलतात किंवा कोकणी, त्याने अमेरिकन पोरांचा कान उसना घेऊन आफ्रिकेतील मुसलमानांच्या देशावर हसावे, यातले वैचारिक दारिद्र्य कुणाला दिसते का?

आता तो चाड पाहा. 11 ऑगस्ट 1960 रोजी तो फ्रान्सच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. अरबी आणि फ्रेंच या त्याच्या राजभाषा. निम्म्याहून अधिक लोक मुसलमान. ज्या सरोवरावरून देशाला नाव मिळाले, त्याचे पाणी 1960 च्या दशकानंतर आटत आटत फार थोडे उरले. 15 एप्रिल 2023 रोजी सुदानमध्ये युद्ध पेटले तेव्हा दारफूरमधून जीव वाचवून निघालेली लाखो माणसे सरहद्द ओलांडून याच चाडमध्ये आली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एकाने, स्वतःच्या ताटात पुरेसे नसताना, त्यांना जागा दिली. श्रीमंत देश निर्वासितांच्या आकड्यांवर परिषदा भरवत असताना ज्याने दार उघडले, त्याचा झेंडा आमच्या पोरांच्या फोनवर दंड फुगवण्याचे चित्र झाला आहे.

आणि जिबूती? 27 जून 1977 रोजी स्वतंत्र झालेला हा लहानसा देश तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीवर बसला आहे. त्याच्या झेंड्यातला आकाशी रंग इसा सोमाली जमातीचा आणि हिरवा अफार जमातीचा. 2015 मध्ये येमेनमध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथे अडकलेल्या चार हजारांहून अधिक भारतीयांना सोडवण्यासाठी आपल्या सरकारने 'ऑपरेशन राहत' राबवले. एडन आणि होदेदाहून जहाजांनी, सनाहून विमानांनी ही माणसे आधी उतरली ती जिबूतीत आणि तिथून मायदेशी परतली. ज्यांच्या घरातला कुणी ना कुणी आखातात कमावतो, त्या आपल्या लोकांना हे नाव कृतज्ञतेने आठवायला हवे होते.

काही जण म्हणतील, 'एवढ्याशा चित्राचे काय घेऊन बसलात?' म्हणून हे चित्र बनते कसे तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक देशाच्या झेंड्याला स्वतंत्र संकेत दिलेला नसतो. 2010 मध्ये युनिकोडने सव्वीस इंग्रजी अक्षरांची सव्वीस चिन्हे ठरवली. त्यांतील दोन जोडली की झेंडा उमटतो. कोणती दोन, हे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या देशांच्या यादीवरून ठरते. ज्याला त्या यादीत दोन अक्षरे मिळाली त्याला झेंडा मिळाला. बूवे हे नॉर्वेचे बेट जवळजवळ सगळे बर्फाखाली आहे. तिथे माणूस राहत नाही, पण त्याला दोन अक्षरे आहेत. म्हणून त्याला झेंडाही आहे, तोही नॉर्वेचाच. ऑस्ट्रेलियाच्या हर्ड बेटावर पेंग्विन राहतात. त्याचेही तसेच. कोट्यवधी कुर्दांना मात्र झेंडा नाही. म्यानमारमधून हाकललेल्या रोहिंग्यांना नाही. आणि 2022 मध्ये युनिकोडने जाहीर करून टाकले की झेंड्यांचे नवे प्रस्ताव यापुढे स्वीकारले जाणार नाहीत. एखाद्या देशाला यादीत नवी अक्षरे मिळाली तरच झेंडा वाढेल. पेंग्विनांना झेंडा आणि रोहिंग्यांना नाही, अशी ही यादी आहे. तिला निव्वळ खेळणे समजणे आम्हाला जमत नाही.

याच यादीत ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा झेंडा आहे. ताडाचे झाड, मुकुट आणि समुद्राच्या निळ्या-पांढऱ्या लाटा. दिसायला मजेशीर, म्हणून पोरांना प्रिय. हा प्रदेश म्हणजे चागोस बेटे. 1965 मध्ये ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडली आणि 1968 ते 1973 या काळात तिथली सगळी माणसे हलवली, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. नारळाच्या बागांत पिढ्यान्पिढ्या राबलेले हे लोक मॉरिशसच्या आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवले गेले. त्यांची कुत्री मारून टाकण्यात आली. त्याच तळावरून पुढे अफगाणिस्तानवर आणि इराकवर बॉम्बफेकी विमाने उडाली. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की ब्रिटनने हा ताबा लवकरात लवकर सोडावा. 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या, त्यातही दिएगो गार्सियावरचा तळ 99 वर्षांसाठी राखून ठेवला गेला. झेंड्यावर झाड आहे, झाडाखालची माणसे नाहीत. आमच्या मते त्या झेंड्यावर हसण्याआधी एवढे तरी ठाऊक असावे.

तरुणांची बाजूही आम्हाला माहीत आहे. ते म्हणतात, 'झेंड्यांच्या नावाने जगभर एवढे रक्त सांडले, आम्ही तर झेंड्यांचीच टर उडवतो.' ऐकायला हे बरे वाटते. पण मग टर अमेरिकेच्या झेंड्याची का नाही? फ्रान्सच्या झेंड्याची का नाही? सत्तेची खिल्ली उडवायची तर सत्तेच्या खांबावर चढावे लागते. दुबळ्याच्या झोपडीवरचे फडके ओढून कुणी बंडखोर होत नाही.

यामागचे खरे कारण वेगळे आहे आणि ते आपल्या मुलांनी प्रामाणिकपणे पाहावे. या देशातील मुसलमान मुलाला झेंड्याशी मोकळेपणाने खेळताच येत नाही. उरुसाच्या हिरव्या निशाणाला कुणीही पाकिस्तानचा झेंडा म्हणून ओरडतो आणि मोहल्ल्याला खुलासे देत बसावे लागते. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीच्या बाजूने पांढरा पट्टा असतो, एवढे पाहण्याची तसदीही कुणी घेत नाही. 2024 च्या मोहरममध्ये बिहारपासून उत्तर प्रदेशापर्यंत फलस्तीनचा झेंडा हाती धरल्याबद्दल तरुणांवर कारवाई झाली. म्हणून जगभरचे लोक झेंड्याऐवजी कलिंगडाचे चित्र टाकतात, तसे आपली मुलेही टाकतात. ज्या झेंड्याबद्दल काळजात काही आहे तो पाठवायची धास्ती वाटते, म्हणून ज्याबद्दल काहीच नाही तो पाठवायचा. बूवे बेटाबद्दल कुठलेही पोलीस ठाणे चौकशी करत नाही. या हसण्याच्या तळाशी भीती आहे. तिचा आम्हाला राग नाही, तिच्याबद्दल आम्हाला दुःख आहे. मात्र भ्यालेल्याने आपल्याहून दुबळ्याला हसणे, हे आम्ही समजून घेऊ शकतो, मान्य करू शकत नाही. 'तुमचा देश तिकडे' असे ज्यांना उठता-बसता ऐकावे लागते, त्यांना दुसऱ्याचा देश ही थट्टेची वस्तू कशी वाटते?

ज्येष्ठांनी यावर खूश होऊ नये. त्यांच्याकडे बंदीपलीकडे दुसरे उत्तर नाही. 2007 मध्ये अमेरिकन सैन्याने अफगाणिस्तानात मुलांसाठी टाकलेल्या फुटबॉलवर सौदी अरेबियाचा झेंडा होता आणि त्यावर कलमा होता, म्हणून संताप उसळला. तो रास्त होता, कलम्याला लाथ लागू नये. पण ज्या झेंड्यावर कलमा नाही, फक्त भुकेली माणसे आहेत, त्याच्या विटंबनेने आपले मन का दुखत नाही? चंद्र-तारा दिसला की आपला आणि नसला की परका, हे भूगोलाचे अज्ञान तर आहेच, धर्माचेही आहे. चंद्र-ताऱ्याची निशाणी उस्मानी तुर्कांच्या झेंड्यावरून पसरली, ती शरीयतने सांगितलेली नाही. जगातील सर्वाधिक मुसलमान ज्या देशांत आहेत त्यांतील इंडोनेशियाचा झेंडा लाल-पांढरा आहे. चाडच्या झेंड्यावरही चंद्र नाही.

तेव्हा बंदी नको आणि उपदेशही नको. आमच्या जमातखान्यांत, मदरशांत, उर्दू आणि मराठी शाळांत जगाचा एक नकाशा भिंतीवर लागावा. मुलाने झेंडा जरूर पाठवावा, पण तो कुठला, तिथे कोण राहते आणि कोण राहू शकले नाही, हे विचारल्यावर त्याला सांगता यावे. हे कळल्यावरही कुणाला हसू आले तर त्याने हसावे. आमचा अंदाज असा की पुष्कळांना येणार नाही. उलट त्यांतील काही जण चाडविषयी, सहरावींविषयी, चागोसच्या माणसांविषयी मराठीत लिहू लागतील. या वार्षिकाच्या पानांत त्यांच्यासाठी जागा आहे.