‘अब नहीं खुलेगा!’

बाइंडिंग म्हटलं की आपल्या कॉलेजात एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते – सबमिशनच्या आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे लागलेली रांग! जानेवारीपर्यंत माझंही तसंच होतं. मग आम्ही सहाजणी स्कीइंग शिकायला गुलमर्गला गेलो आणि तिसऱ्या दिवशी माझ्या रूममेटच्या नडगीचं हाड मोडलं. तेव्हापासून मला त्या शब्दाचा दुसराच अर्थ आठवतो. (मी कॉन्व्हेंटवाली आहे, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.)

स्कीची लांब पट्टी आणि बूट यांना जोडून ठेवणारी यंत्रणा म्हणजे बाइंडिंग. पुढे टो-पीस, मागे हील-पीस, दोघांच्या पोटात स्प्रिंग. पाय पिळला गेला की टो-पीस बाजूला उघडतो, तोंडावर आपटायची वेळ आली की हील-पीस वर उघडतो. म्हणजे धरून ठेवायचं, पण वेळ आली की सोडायचंसुद्धा! अगदी आपल्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं. हे आधी नव्हतं. बूट स्कीला बांधलेला असायचा आणि पडलं की पाय जायचा. अमेरिकेत ओरेगनमध्ये राहणारा, मूळचा नॉर्वेचा स्कीपटू याल्मार ह्वाम याचा १९३७ मध्ये पाय मोडला आणि हॉस्पिटलमध्ये असतानाच त्याला आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. पुढे १९७० च्या दशकापासून बाइंडिंग सुधारत गेली तसं नडगी मोडण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. (गुडघ्याच्या लिगामेंटचं मात्र तसं नाही. तिथे बाइंडिंग फारसं वाचवत नाही.)

मग आमच्याच वाट्याला हे का यावं?

त्या दिवशी सकाळी रूममेटने भाड्याचे बूट बदलून एक नंबर लहान घेतले, कारण आधीच्यात टाच वर उचलली जात होती. स्की मात्र तीच. अर्ध्या तासात डावी स्की दोनदा सुटली, तीही ती न पडता. आम्ही जाम हसलो. दुकानदाराने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टो-पीसचा स्क्रू दोन-चार वेळा फिरवला आणि म्हणाला, ‘अब नहीं खुलेगा!’ मी, मेकॅनिकलची विद्यार्थिनी, शेजारीच उभी होते. मी त्याला ‘थँक्यू भैया’ म्हटलं.

दुपारी ती पडली, पण वेगात नाही. जवळजवळ उभ्या उभ्याच. स्कीचं टोक बर्फात रुतलं, अंग वळलं, पाय वळला नाही. बाइंडिंग खरंच उघडलं नाही.

एक्स-रे पाहून मला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवलं. खडू दोन्ही हातांनी पिळला की तो आडवा तुटत नाही, ४५ अंशांत तिरपा, मळसूत्रासारखा तुटतो. व्हायव्हात हे मी घडाघडा सांगितलं होतं. हाडावरची रेघ तशीच होती.

रात्री मोबाइलमधले फोटो मोठे करून पाहिले. ५२ किलोच्या नवशिक्या मुलीला स्केलवर तीनच्या आसपासचा आकडा पुरतो. काटा सहाच्या पुढे होता. पण सकाळी स्की सुटत होती ती स्प्रिंग सैल होती म्हणून नव्हेच! बूट लहान झाला, पण हील-पीस पुढे सरकवलाच नव्हता, त्यामुळे बुटावर मागून जो दाब असायला हवा तो नव्हता. हील-पीसवर त्याची खूण असते, बूट घातल्यावर ती ठरलेल्या पट्ट्यात यायला हवी. आमची बाहेर होती. म्हणजे तक्रार एकाची आणि औषध दुसऱ्याला! आणखी एक फोटो तर बघवत नाही. टो-पीसखाली, जिथे बुटाचा पुढचा भाग टेकतो, तिथे एक गुळगुळीत पट्टी असते. बूट बाजूला सहज घसरावा म्हणून. ती अर्धी उखडलेली होती. वरून अंगाचं वजन, खाली खरखरीत प्लास्टिक, म्हणजे घर्षण किती वाढलं असेल सांगा.

माझं म्हणणं इथेच आहे. बाइंडिंग दोन तऱ्हांनी बिघडतं. नको तेव्हा सुटतं, किंवा हवं तेव्हा सुटत नाही. पहिला बिघाड ओरडून सांगतो, दुसरा शेवटपर्यंत गप्प बसतो. आणि आपण पहिल्यावर उपाय म्हणून दुसरा ओढवून घेतो. मशीन डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी वाढवायची एवढी सवय लागलीय की ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त सेफ’ हे आपल्याला आपोआपच खरं वाटतं.

म्हणून न पडता स्की सुटली तर आधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ बघा, दाबाची खूण बघा, बूट बदललाय का ते आठवा. स्क्रू सगळ्यात शेवटी. भाड्याचे बूट रस्त्यावरून चालून चालून पुढून-मागून गोलसर झिजलेले असतात, ते सरळ परत करा. बाइंडिंग हाताने धरून हलवा. बूड आणि स्की यांच्यात फट दिसली तर स्क्रू सुटत चाललेत आणि आत पाणी गेलंय असं समजा. हील-पीसच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर, गंजाचा ओघळ, अर्धवटच खाली येणारे ब्रेकचे दांडे, डाव्या-उजव्या स्कीवर वेगळे आकडे... यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, दोन मिनिटं लागतात. आणि एवढं करूनही खरी चाचणी उरतेच. किती टॉर्कला सुटतं ते मोजायचं यंत्र असतं, त्यासाठी आयएसओ ११०८८ हे स्टँडर्ड आहे. शंभर रुपये जास्त घ्या, पण मोजून द्या, असं भाड्याने घेणाऱ्यांनी म्हणायला काय हरकत आहे? मी तेव्हा म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी डिपॉझिट आणायला गेले, तर तीच जोडी रॅकला लागलेली. मी ती काढून दुकानदाराला टो-पीसखालची उखडलेली पट्टी दाखवली. त्याने वाकून पाहिलं. ‘ये तो कब से ऐसा ही है, मॅडम.’