पाटी पुसलेला कॉम्प्रेसर आणि श्वासाची हवा

दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचा माल मुंबईच्या जुन्या बाजाराला नवा नाही. त्यात कधी उच्च दाबाचा हवेचा कॉम्प्रेसरही येतो. पाणबुडे आणि अग्निशमन जवान पाठीवर जे सिलिंडर घेतात, ते भरणारे हे यंत्र. त्याची पाटी पुसलेली असली की विकणारा अंदाजाने आकडा सांगतो आणि घेणारा तोच पुढे सांगतो. आमच्या मते ही रीत आता बंद व्हायला हवी.

प्रथम यंत्राची जात ओळखावी. परळ-लालबागच्या वर्कशॉपमधला साधा कॉम्प्रेसर ७ ते १० बारचा असतो. जहाजाचे मुख्य इंजिन सुरू करणारा सुमारे ३० बारचा. श्वासाच्या हवेचा २०० किंवा ३०० बारचा. एवढा दाब सहसा तीन किंवा चार टप्प्यांत चढवतात, म्हणून प्रत्येक पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा बारीक असतो. शेवटच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर दाबाचा आकडा ठोकलेला असतो. पण व्हॉल्व्ह बदललेला असू शकतो. ती खूण आहे, पुरावा नव्हे. नावावरही जाऊ नये. म्युनिकची बाउअर कंपनी श्वासाच्या हवेचे तसेच औद्योगिक वायूंचेही कॉम्प्रेसर बनवते.

क्षमता घड्याळ लावून मोजता येते. १० लिटरचा रिकामा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला म्हणजे सुमारे २,००० लिटर हवा गेली. त्याला २० मिनिटे लागली तर क्षमता मिनिटाला १०० लिटर. मात्र सिलिंडर चाचणीच्या मुदतीतला हवा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आधी तपासलेला हवा. मोटरही पाहावी. जहाजावरची ६० सायकलची मोटर आपल्या ५० सायकलवर चालवली की वेग सुमारे एक षष्ठांशाने घटतो आणि हवाही तितकीच कमी मिळते.

इतके करूनही मोठा प्रश्न उरतोच. दाब मिळाला म्हणजे हवा श्वासायोग्य झाली असे नाही. तेल फार तापले, किंवा इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडाशी आला, तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही. युरोपीय मानक ईएन १२०२१ प्रमाणे त्याची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग आणि तेलाची घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. नवे फिल्टर, योग्य तेल आणि प्रयोगशाळेतील हवेची तपासणी, याला दुसरा पर्याय नाही.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की बिलावर प्रत्येक आकड्यापुढे तो पाटीवरून वाचलेला, मोजलेला की अंदाजाचा हे लिहावे. हवेचा अहवाल नसेल तर 'श्वासासाठी' हा शब्द बिलावर येऊ देऊ नये. अशा मालाला भाव कमी येईल, हे आम्हाला मान्य आहे. पण धुरात किंवा पाण्याखाली तोंडाला नळी लावणाऱ्या माणसाला आपला माल पारखता येत नाही. त्याच्या वतीने तो आपणच पारखायचा असतो.