एक स्ट्राँग गोळी द्या!

कोल्हापुरात सर्दी झाली की माणूस आधी तांबडा रस्सा ओरपतो. त्यानं भागलं नाही की मेडिकल गाठतो आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणतो, "लय नाक चोंदलंय, एक स्ट्राँग गोळी द्या." रश्श्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिखटानं नाक वाहतं, घटकाभर मोकळं वाटतं आणि निदान पोट तरी भरतं. माझं भांडण त्या गोळीशी आहे. ती देणाऱ्याशी आहे, आणि नाव न विचारता ती गिळणाऱ्या आपल्याशी तर त्याहून जास्त आहे.

राजारामपुरीत, गंगावेशीत, कुठंही पाच मिनिटं उभं राहून बघा. कात्रीनं पट्टी कापली जाते. चार गोळ्या कापताना औषधाचं नाव अर्धं तुटतं, मुदतीची तारीख दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते. कागदी पुडीत एक पांढरी, एक पिवळी आणि एक लांबट गोळी पडते. वर पेनानं खरडलेलं असतं, सकाळ-संध्याकाळ. बिल नाही. मंडईत वांग्याचा देठ तपासणारा, गुळाचा खडा जिभेवर ठेवून भाव पाडणारा आपला माणूस इथं मात्र ब्र काढत नाही.

सर्दीच्या गोळीत असतं काय? बहुतेक वेळा तीन औषधं. ताप नि अंगदुखीला पॅरासिटामॉल, शिंका आणि वाहतं नाक थांबवायला क्लोरफेनिरामिन, आणि चोंदलेलं नाक उघडायला फेनिलेफ्रिन. आता या तिसऱ्याची गंमत ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सोळा विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळं करत नाही. आतडं आणि यकृतच त्याचा बहुतेक भाग निकामी करतात, नाकापर्यंत पोचतं ते नावापुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनानं ते सर्दीच्या गोळ्यांतून काढण्याचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडं? आपल्याकडं ते सुखेनैव विकलं जातंय. म्हणजे ज्या कामासाठी आपण 'स्ट्राँग' मागतो, नेमकं तेच काम गोळी करत नाही. क्लोरफेनिरामिननं झापड येते, आपण चिडीचूप पडून राहतो आणि म्हणतो, "गोळी लागू पडली." ती झापड घेऊनच काही बहाद्दर मोटारसायकलवरून कागल एमआयडीसीला ड्युटीवर जातात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी याच औषधानं अडू शकते. त्यांना हे काउंटरवर कोणी सांगतं का?

आणि पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत ते आहेच, तरी ताप आला म्हणून वर वेगळी गोळी. मोठ्या माणसानं दिवसाला चार ग्रॅमच्या पुढं जायचं नाही, दारू पिणाऱ्यानं त्याच्याही बरंच अलीकडं थांबायचं. पुडीत काय आहे हेच ठाऊक नसेल तर बेरीज कशाची करणार?

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. मार्च २०१६ मध्ये औषधांच्या ३४४ मिश्रणांवर बंदी आली. विक्स ॲक्शन ५०० एक्स्ट्राची विक्री कंपनीनं तेव्हा थांबवली. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी. इतका खटाटोप झाला, तरी कुठली गोळी चिठ्ठीशिवाय विकायची याची सरळ, स्वतंत्र यादी या देशाला अजून धड करता आलेली नाही.

पुडीतली ती लांबट गोळी बहुधा अँटिबायोटिक असते. सर्दी विषाणूंची. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले हा समजही खोटा. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. ही औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे, पट्टीवर लाल रेघ आहे, दुकानाच्या भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट टांगलेलं आहे. फार्मासिस्ट कुठं आहे ते विचारू नका. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी हा प्रश्न विचारला होता, तर राज्यभरातल्या औषध दुकानदारांनी बंद पुकारला.

मग 'सायनसवाले'. डोकं दुखलं की सायनस, हे आपलं घरगुती निदान. २००४ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे तीन हजार लोकांची तपासणी झाली, तेव्हा ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. दुसरी जात नाकातल्या थेंबांच्या व्यसनींची. झायलोमेटाझोलिनचे थेंब खरंच काही मिनिटांत नाक उघडतात, म्हणून ते तीन, फार तर पाच दिवस वापरायचे असतात. पुढं औषध उतरलं की नाक आधीपेक्षा घट्ट बसतं. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ती बाटली घेऊन वर्षानुवर्षं फिरतात आणि दोष पंचगंगेच्या दमट हवेला देतात. गळीत हंगामात उसाचं पाचट जळू लागलं की ज्यांना सकाळी शिंकांवर शिंका येतात, डोळे खाजतात, त्यांची तर ती बहुधा ॲलर्जी. तिचे उपचार वेगळे आणि चांगले आहेत, पण डॉक्टरला विचारणार कोण?

पोरांच्या बाबतीत मात्र मी थट्टा करणार नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा रुग्ण दगावले, लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. भेसळ डायइथिलीन ग्लायकॉलची होती. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये तेच विष सापडलं, ४८.६ टक्के. वीसहून अधिक लेकरं गेली. त्याच सुमारास केंद्रानं बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. तरी आया काउंटरवर म्हणतात, "बाळाला काहीतरी द्या हो."

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. तापाला मोजून पॅरासिटामॉल, नाकाला उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याचे किंवा तयार सलाइनचे थेंब, पोटात गरम पातळ काहीतरी आणि झोप. वाफारा घ्यायचा तर घ्या, पण पोरांना उकळत्या पातेल्यापासून लांब ठेवा. दहा दिवसांत उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, तीन-चार दिवस सणकून ताप आणि गालफडं ठणकतायत, तर डॉक्टर गाठा. डोळ्याभोवती सूज आली, दिसायला अंधुक झालं किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी सीपीआर रुग्णालय गाठा.

आणि मेडिकलात गेलातच, तर एवढं करा. अख्खी पट्टी मागा, तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचा आणि बिल मागा, बॅच नंबरासकट. बिल म्हटल्यावर ती लांबट गोळी पुडीतून गुपचूप परत खणात जाते की नाही, ते बघा.