नाकातील केस : कातरावेत, उपटू नयेत



नाकातील केस काढल्याने श्वास मोकळा होतो, हे मागील अंकातील पत्राचे विधान अर्धेच खरे आहे. २०१५ मधील एका अमेरिकी अभ्यासात केस कातरल्यावर हवेचा प्रवाह सुधारलेला आढळला. परंतु कातरणे निराळे आणि उपटणे निराळे, कारण उपटलेल्या केसाच्या मुळाशी जंतू शिरून फोड होऊ शकतो, आणि न्हाव्याचा चिमटा त्याला अपवाद नाही. शिवाय, तीर्थपुरीच्या शिवारात तुरीची मळणी सुरू असताना उडणारे जाड भुसकट नाकपुडीच्या तोंडाशीच या केसांत अडकते, मात्र बारीक धूळ त्यांतून निसटून श्लेष्मल त्वचेच्या, म्हणजे आतील ओलसर अस्तराच्या, चिकट द्रावात सापडते. म्हणून मळणीच्या दिवसांत केसांना कात्री लावण्याची घाई तितकीशी शहाणपणाची नाही.

— एक वाचक, तीर्थपुरी (जि. जालना)