पट कमी आहे म्हणे!

सरकार आपली पोरं मोजतं. शिकवायला नव्हे, कापायला.

मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालो नि पाठीवर माल घेतला. गोदीत टॅली असते. लोखंडाची एक कॉइल कमी भरली तर बोंबाबोंब, गेट बंद, चौकशी. शाळेतून आठवीनंतर पोरगी गळाली तर? दाखल-खारीज रजिस्टरात एक रेघ. संपलं.

बाबासाहेबांनीही पोरं मोजली होती. 1928 साली सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात 1881-82 च्या मुंबई इलाख्याचे आकडे आहेत. खालच्या जातींची म्हणून नोंदलेली पोरं प्राथमिकला 2,862. मिडल स्कूलला 17. हायस्कुलात शून्य. हे आकडे दार उघडण्यासाठी मांडले होते.

आता आकडे टाळं लावायला मांडतात. 2017 च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करायला निघाले. मार्च 2024 ला संचमान्यतेचे नवे निकष आले. पट घसरला की मास्तर कमी. मास्तर कमी की बाप दाखला काढतो. पट पुन्हा घसरतो. हे चक्र कोण फिरवतं?

माझी मावशी बुटीबोरीला एमआयडीसीत ठेक्यावर झाडू मारते. नागपूरहून वर्धा रोडने गेलं की कारखानेच कारखाने. ठेका संपला की मजुराचं बिऱ्हाड हलतं. पोराचं नाव इथंही नाही, तिथंही नाही. ज्याच्या खिशात पैसा, त्याचं पोरगं कॉन्व्हेंटच्या बसमध्ये. सरकारी वर्गात उरतो कोण? बौद्धाचा, मातंगाचा, गोंडाचा, परप्रांतातल्या मजुराचा पोरगा. मग साहेब म्हणतो, पट कमी आहे!

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. लाखो नावं बोगस निघाली. त्या नावांवर अनुदान कोणी खाल्लं? आपल्या वस्तीनं नव्हे. खोटी पोरं दाखवून चरायचं नि खऱ्या पोरांची शाळा मोडायची, हा कुठला न्याय?

कोणी शहाणा विचारेल, मूठभर पोरांसाठी मास्तर कसा परवडणार? त्याला तो 17 चा आकडा दाखवा. सतरांसाठी मिडल स्कूल परवडत नाही म्हणून तेव्हाच दार लावलं असतं, तर आज हे पान वाचणारा कोण असता?

2009 चा मोफत-सक्तीचा कायदा चौदाव्या वर्षी, आठवीपाशी थांबतो. 2020 च्या धोरणात अठरा वर्षं लिहिली, कायदा जागचा हलला नाही. नववी-दहावी बापाच्या मजुरीवर. आणि मजुरी कमी पडली की आधी पोरीचं दप्तर खुंटीला.

म्हणून टॅली आता आपण करायची. नागपुरातल्या पोरांनो, बुटीबोरीच्या वस्त्यांत जा. पटावर आहेत ती सरकार मोजेल, नाहीत ती तुम्ही मोजा. नववीत कोण गेलं नाही, का गेलं नाही, घरोघर लिहा. ती यादी शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. नावं पटावर चढेपर्यंत उठू नका.