महालातली महापौराची खुर्ची

मुंबईचे वानखेडे स्टेडियम देशातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे आपल्या नागपूरचे पहिले महापौर होते, हे आज आपल्या महाल भागातल्या किती घरांत माहीत असेल? यंदाच्या दिवाळी अंकाचे पहिले पान त्यांच्या आठवणीने उघडावे, असे आम्हाला मनापासून वाटले.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. २ मार्च १९५१ रोजी तिची महापालिका झाली, आणि पुढच्याच वर्षी वानखेडे महापौर झाले. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि १९१४ साली जन्मलेल्या वानखेड्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पुढे राजधानीचा मान गेला, नागपूर महाराष्ट्रात आले. वानखेडे राज्याचे अर्थमंत्री झाले, १९७२ ते १९७७ विधानसभेचे अध्यक्ष राहिले. मुंबईच्या क्रिकेट संघटनेची धुराही त्यांच्याकडेच होती. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद विकोपाला गेला, तेव्हा त्यांनी क्लबच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवे मैदान बांधायला घेतले. वर्ष-सव्वा वर्षात ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला.

महापौर ते विधानसभेचे अध्यक्ष, हा प्रवास आम्हाला फार बोलका वाटतो. आपल्या कायद्याने महापौराच्या हाती अधिकार थोडेच दिले आहेत. अंमलबजावणी आयुक्तांकडे, खर्चाची मंजुरी स्थायी समितीकडे. महापौराकडे उरते ती सभा. पण विरोधकाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, अधिकाऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत विषय न सोडणे, भर गोंधळात सभागृह ताळ्यावर आणणे, हे शिकायला दुसरी शाळा नाही. महालातल्या टाऊन हॉलने ही शाळा वर्षानुवर्षे चालवली.

त्याच सभागृहात १९९२ साली विशीतले देवेंद्र फडणवीस नगरसेवक म्हणून आले आणि १९९७ साली महापौर झाले. देशातल्या सर्वांत तरुण महापौरांत त्यांची गणना झाली. महापौराला कार्यकारी अधिकार देणाऱ्या ‘मेयर-इन-कौन्सिल’चा अल्पकाळचा प्रयोग झाला, तेव्हाही महापौर तेच होते. १९९९ साली ते आमदार झाले, २०१४ साली मुख्यमंत्री. अलीकडच्या काळातले महापौर प्रवीण दटके आज ज्या मध्य नागपूरचे आमदार आहेत, त्यातच आपला महाल येतो. या दोघांच्या पक्षाशी कुणाचे जमो न जमो, राज्य चालवणारी माणसे वॉर्डातून घडतात, हे मान्य करावेच लागेल.

म्हणूनच २०२२ नंतरची स्थिती आम्हाला अस्वस्थ करते. ४ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती गेला. १५१ नगरसेवकांच्या या शहरात साडेतीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक पदावर नव्हता, महापौर नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा सभेत उभे राहून जाब विचारणारे कुणी नव्हते. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात हिंसा उसळली आणि संचारबंदी लागली, तेव्हाही गल्लीगल्लीत दोन्हीकडची दारे ठोठावू शकेल असा, लोकांनी निवडलेला माणूस पदावर नव्हता.

मोठ्या घटना सोडा. गडर तुंबली आणि नळाला गढूळ पाणी आले की मोहल्ल्यातली बाई बाटली भरून नगरसेवकाच्या दारी जायची. ‘भाऊ, हे पाणी पोराला कसं पाजू?’ असे तोंडावर विचारायची. भाऊंना उत्तर द्यावे लागे, कारण मत तिच्या हाती होते. प्रशासकाच्या काळात तीच बाई तक्रार नोंदवू लागली आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन घरी येऊ लागली. प्रशासक कितीही कर्तबगार असला, तरी त्याला पुढच्या निवडणुकीत तिच्या दारात यायचे नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत स्थानिक संस्थांच्या निवडणुका पूर्ण करायला सांगितले होते. वाचकांना आमची एकच विनंती आहे. महापालिकेचे मतदान म्हणजे सुट्टीचा दिवस असे समजू नका. उमेदवार दारी आला की त्याला सभागृहातल्या कामाबद्दल विचारा. कोणता प्रश्न मांडणार, उत्तर मिळाले नाही तर काय करणार, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. वानखेड्यांच्या खुर्चीत उद्या कोण बसणार, हे शेवटी तुमच्या एका मतावर ठरणार आहे.



— संपादक